विंगेतून दिलेलं वाक्य

गुरुवार, १८ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज रंगीत तालमीत पुन्हा तेच झालं. या रशियन नाटकात पॉज इतके, की प्रॉम्प्टरनं करायचं तरी काय? शेवटच्या अंकात नायिकेचं काम करणाऱ्या वैदेहीला प्रेमाची कबुली देण्याआधी थांबायचं असतं. ती थांबली, मला वाटलं विसरली, आणि मी विंगेतून वाक्य दिलं. तिनं ते मुकाट्यानं म्हणून टाकलं, कोरडं. सगळा प्रवेश पडला.

दिग्दर्शक म्हणाले, "अहो मावशी, वाक्य तिला पाठ आहे. गप्प बसणं तेवढं आपण पाठ करा."

वीस वर्षं विंगेत बसते आहे. विसरलेला चेहरा मला ओळखता येतो, असं समजत होते. उद्या प्रयोग. ती थांबली आणि खरंच विसरली असली तर?

घरी आले तर माझी लेक मीनू बॅग भरत होती. रविवारी तिची कंपनी तिला अमेरिकेला पाठवते आहे.

"परत येशील ना गं?" मी विचारलं.

ती थांबली. हातातल्या स्वेटरची घडी मोडून तिनं पुन्हा घातली.

"दोन वर्षांनी, ना?" मीच म्हणाले.

"हो, दोन वर्षांनी."

अगदी वैदेहीनं म्हटलं होतं तसं.