चालू इंजिनावर काढलेली वायर

प्रिय मिस्त्री,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘म्हातारी कशी आहे? सहा महिने झाले, परीक्षा संपली, दोघंही पास. रविवारी बॅग घेऊन येतो.’ वाचून आधी हसू आलं, मग ओट्याला टेकून बराच वेळ रडले. तुझ्या येण्याबद्दल लिहायचंच आहे, पण चिठ्ठीत तू माझ्याआधी गाडीची चौकशी केलीस, तेव्हा आधी तिचंच सांगते. खोड जायची नाही तुझी.

म्हातारीचा अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारा तो भाग, गेला. ताईच्या घरून एकटीच परतत होते. का गेले होते ते पुढे लिहिते. आधी दिवे पिवळे पडले, मग हॉर्न घोगरा झाला आणि पुलाच्या अलीकडे इंजिनानं मान टाकली. ओढून गॅरेजात न्यावी लागली. तिथला इलेक्ट्रिशियन महाकिरकिरा. चष्मा फुटला म्हणून मीटरच्या तारा टेकवून आकडे वाचायचं काम त्यानं मला दिलं आणि तार जरा इकडेतिकडे टेकली की शाळेतल्या बाईंसारखा ओरडायचा. त्यानं बॅटरी भरून घेतली. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्ट. चालू केल्यावर चौदाच्या आसपास चढायला हवेत, आपले उलट बाराच्या खाली घसरायला लागले. पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड घासून काढली, वायरी हलवून पाहिल्या. बाहेर कुठे काही दोष नव्हता. शेवटी अल्टरनेटर उतरवून खोलला, तर आतले डायोड जळलेले.

त्यानं विचारलं, चालू इंजिनावर बॅटरीची वायर कुणी काढायचं का. दर रविवारी बॉनेट उघडून तू तेच करायचास, वडिलांनी शिकवलेली युक्ती म्हणून. मी टॉर्च धरणारी तुझी हेल्पर. बॅटरीशिवायही इंजिन चालू राहिलं की लढाई जिंकल्यासारखा माझ्याकडे बघायचास. तो म्हणाला, “जुन्या डायनामोच्या गाड्यांना ते खपायचं, बाई. याला नाही. इंजिन चालू राहतं, माणूस खूश होतो, आणि आत जळत जातं.” मी भांडले त्याच्याशी. माझ्या नवऱ्याला गाड्यांतलं कळतं, असंही ठणकावून सांगितलं. तुझी बाजू घ्यायची सवय अजून गेलेली नाही.

वेगळं राहायची युक्तीही तुझीच. रोजच्या कटकटीला कंटाळून म्हणालास, एकमेकांवाचून चालतं का ते तरी बघू. फोन नाही, भेट नाही. मी हो म्हटलं, नेहमीसारखं. पहिल्या दिवसांत चहा दोन कप टाकायचे आणि एक ओतून द्यायचे. दाराशी पाऊल वाजलं की हातातलं काम टाकून उठायचे. मग कधीतरी चहा एकच कप टाकू लागले. सिलिंडर बदलायला शिकले, नळाचा वायसरसुद्धा बदलला. चालू राहिले. तुझ्या परीक्षेत पासच झाले म्हण ना.

ताई गेली. झोपेतच गेली. तुला मी कळवलं असेल असं सगळ्यांनी धरलं, म्हणून कुणीच कळवलं नाही. तिला पोचवून येताना मी त्या पुलापाशी बंद गाडीत बसले होते. फोन हातात होता. टोइंगवाल्याला लावला, भाचीला लावला, शेजारच्या काकूंना लावला. घरी येऊन कुलूप उघडताना लक्षात आलं, तुला लावावा असं एकदाही मनात आलं नव्हतं. नियम आठवला म्हणून नाही. तूच आठवला नाहीस. माझी ताई गेली आणि मला तू आठवला नाहीस. दारातच बसले आणि तिच्यासाठी रडले नव्हते इतकी तुझ्यासाठी रडले. रविवारी यायच्या आत तुला हे कळावं म्हणून लिहितेय. म्हातारीला नवे डायोड बसवलेत, ती ठणठणीत आहे. किल्ली काकूंकडे ठेवते. गाडी घेऊन जा, वर येऊ नकोस.

एके काळी तुझीच,
हेल्पर