पाचव्या शीलाची अडचण

मुरुड, जि. लातूर

चि. प्रेम यास आनंदराजमामाचा जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत, तुझ्या आईचे, आपल्या अक्काचे, गुडघे सोडून. तुमच्या बेल्जियमात थंडी फार, तेव्हा कान झाकून फिरत जा. (फोनच केला असता, पण स्पीकर लावल्याशिवाय अक्का बोलू देत नाही, आणि पुढचा मजकूर स्पीकरवर बोलण्यासारखा नाही.)

आपल्या विहार कमिटीनं बुद्धपौर्णिमेला तुझा सत्कार करायचं ठरवलं. मी सेक्रेटरी, म्हणून तुझा परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं की, मुलगा मुरुडच्या शाळेत शिकला, लातूरला एकदा नापास झाला, पुन्हा बसला, परदेशी गेला आणि उष्णता सोसणारं असं खमीर शोधलं की कारखान्याच्या टाक्या गार ठेवायला लागणारं पाणी निम्म्यावर आलं. वर शीर्षक दिलं, 'पाणी वाचवणारा शास्त्रज्ञ'. आपल्या जिल्ह्यात पाणी वाचवलं म्हटल्यावर टाकीत काय होतं, असं कोणी विचारत नाही. कमिटीतल्या पंचशीलानं विचारलं. ती लातूरच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, तिला सवयच आहे. तिनं भर मीटिंगमध्ये मोबाइलवर तुझा फोटो शोधून दाखवला. हातात ग्लास, ग्लासवर चार बोटं फेस.

"मामा, हे पाणी का?" म्हणाली.

अडचण तुझ्या लक्षात येईल. आपला कार्यक्रम पंचशील घेऊन सुरू होतो. पाचव्या शीलाला सगळ्या सभेनं मद्यापासून दूर राहायचं म्हणायचं, आणि लगेच बियर सुधारणाऱ्याला हार घालायचा. अध्यक्ष श्रीमंतराव म्हणाले, सत्कार आधी उरकू, शील नंतर घेऊ. एकानं सुचवलं, चौथ्या शीलानंतर माइक बंद पडू द्यावा. (आपला माइक तसाही भरवशाचा नाही.) यावर दीड तास गेला. मला काळजी वेगळीच होती. बायकांना जमवून आडव्या बाटलीचं मतदान घडवून गावातलं दारू दुकान बंद पाडणारी तुझी आई समोर सतरंजीवर बसली होती, आणि नऊ वर्षं मी तुझे मेसेज तिला 'बियर'च्या जागी 'पाव' घालून वाचून दाखवत होतो.

अक्का गुडघे धरून उठली.

"त्यो बियर करतो. जायच्या आदल्या दिशी मला सांगून गेला. तवापासून मी ये म्हणले न्हाई, अन् त्यो आला न्हाई." मग माझ्याकडं बघून, "ह्यो पाव पाव करून राहिला. मला वाटलं ह्यालाच ठाऊक न्हाई, कशाला सांगायचं."

सत्काराचा ठराव एकमतानं पास झाला. तू अवश्य यावंस, विहाराची शोभा वाढेल.

तुझा,
आनंदराजमामा

ता. क. कमिटीची इच्छा अशी की, तुला रजा मिळू नये. तसं खेदाचं पत्र पाठव, सभेत वाचून दाखवू. म्हणजे सत्कारही होईल आणि पाचही शीलं होतील.

आणखी ता. क. वरचं सेक्रेटरी म्हणून लिहिलं. हे अक्का शेजारी बसून सांगते आहे. पौर्णिमेला नको, तेव्हा लोक असतात. आठ दिवस आधी. 'तू स्वतः पितोस का ते कळव, मग ठरवू,' असंही तिनं सांगितलं होतं आणि मी लिहिलं होतं. वाचून दाखवल्यावर तिनं ते खोडायला लावलं. आता एवढंच राहिलं आहे: ये.