जमादारांचा फेटा

२४ मे २०२५

नाही म्हणायचं होतं. तोंडातून हो निघालं!

सकाळीच वामनराव दारात. गावातला कोणताही सत्कार त्यांच्याशिवाय होत नाही. "अविनाश, एकतीस तारखेले इंद्रभान जमादार रिटायर होऊन राह्यले. सांजच्याले मारुतीच्या पारावर कार्यक्रम हाये. फेटे तू बांधजो. जमादाराचा त तुह्याच हातचा पाह्यजे."

माझ्याच हातचा!

कॉलेज सोडल्यापासून मी लग्नांत फेटे बांधतो. पार पिंपळगाव राजापर्यंत बोलावणं असतं. नवरदेव वरातीत कितीही नाचो, माझा फेटा सुटत नाही. आता तो त्या माणसाला बांधायचा. पोलिसात शेवटच्या वर्षी ते फौजदार झाले, पण गाव अजून जमादारच म्हणतं. गावाला ते देव. मला कोण, ते मलाच माहीत.

२५ मे

झोप नाही. लिहूनच टाकतो एकदा.

दोन वर्षं झाली. जळगाव जामोदचा स्टँड. मी आणि रुपाली. बऱ्हाणपूरची गाडी लागायची होती, तिथे लग्न करणार होतो. दोघंही सज्ञान! आणि फाटकातून जमादार आत आले — वर्दी नाही, सोबत शिपाई नाही, आपली जुनी मोटरसायकल घेऊन. सरळ तिच्यापुढे उभे. "चाल बेटा, घरी चाल."

मी कॉलर धरली. त्यांनी एक कानाखाली दिली. फक्त एक. "तू मागच्या गाडीनं ये," म्हणाले.

ती उठली. गाडीवर बसली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोलिसाला घाबरली बिचारी!

गावात त्यांनी अक्षर काढलं नाही. पोरगी मावशीकडून आली, एवढंच. पुढं तिचं लग्न झालं, बीबी गावाला. कॉलेजात आमचा वर्ग एकच — तिची जागा रोज समोर रिकामी. सेकंड इयरलाच सोडलं मी.

आमचं ठरलं होतं ते फक्त तिघांना माहीत होतं. मला, तिला आणि गोविंदाला. गोविंदा — लहानपणापासूनचा दोस्त! त्याला पिठाच्या गिरणीमागे गाठून मारला. दात पडला त्याचा. आईची शपथ घेत होता. "म्या नाई सांगतलं बे अव्या." कोण ऐकतो! तेव्हापासून त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

२६ मे

रुपाली येणार सत्काराला. नवऱ्यासोबत. आईनं भाकरी थापता थापता सहज सांगितलं.

२८ मे

ठरलं.

फेट्यात एक आतली खोच असते. पहिले वेढे झाले की कापडाची घडी कानामागून आत दाबायची. वरून दिसत नाही, पण सगळा फेटा तिच्यावर उभा असतो. ती दाबलीच नाही तर? बसलेल्या माणसाचा फेटा बसलेलाच राहील. वाकला, की गेला!

आणि सत्कारात वाकावं तर लागतंच. भर गावात, तिच्यासमोर, जमादारांचं डोकं उघडं पडेल. माझं कसं पडलं होतं स्टँडवर!

३० मे

केशरी कापड काढलं. इस्त्री केली. सगळ्यात भारी कापड हेच आहे माझ्याकडे.

३१ मे

केलं मी.

पाराच्या मागे, शाळेच्या वऱ्हांड्यात खुर्ची टाकली होती. दुपारी ठाण्यात बेल्ट-टोपी जमा करून आले होते. पांढरा शर्ट, साधी पँट. ओळखूच येईनात. डोक्यावर टोपीचा गोल वळ पडलेला, तिथे केसच नाहीत. दोन वर्षं या डोक्यावर राग धरून होतो, जवळून आजच पाहिलं.

"आवळून बांध बरं," म्हणाले. "आज लय जागी वाकनं हाये."

हात एक क्षण थांबले. खरंच थांबले. तेवढ्यात समोरून रुपाली गेली. हिरवी साडी. नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेलं लेकरू. लेकरू!

खोच दाबली नाही.

भाषणं झाली. वामनरावांची चोरीला गेलेली बैलजोडी जमादारांनी कशी बाजार पालथे घालून आणली, ते वामनरावांनीच पुन्हा सांगितलं. मग झुंबरबाईला माइकपाशी आणलं. तिचा मुलगा विहिरीत पडून गेला, तेव्हा मी शाळेत होतो. म्हातारीला माइक कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. "सारं गाव काठावर उभं," म्हणाली. "कोनी उतरे ना. यानं बेल्ट काढला, कमरेले दोर बांधला न उतरला. माह्या लेकराले खांद्यावर घेऊन वर आला. अंगावर सदरा नव्हता त्याच्या, म्हून यानं आपला खाकी काढून त्याच्यावर टाकला — तवा मले दाखोला."

जमादार उठले आणि तिच्या पाया पडायला वाकले.

आता नको, आता नको, असं मी मनात म्हणत होतो. पण फेटा गेला. उलगडत गेला, थेट म्हातारीच्या पायांवर. मागून पोरं हसली. बायकांनी तोंडाला पदर लावले. वामनराव माझ्याकडे वळले — "काऊन बे, फेटा बांधला का टॉवेल गुंडाळला?"

जमादारांनी माइक घेतला. टक्कल बल्बखाली चमकत होतं. "त्याले काई म्हनू नका. डोकं दुखून राह्यलं होतं, म्याच ढिला बांध म्हनलं त्याले. अन् म्हातारीच्या पायावर पडला, त पडू द्या. तिथंच पडाले पाह्यजे होता."

टाळ्या!

शेवटी रुपाली आली. पायांवर डोकं ठेवलं. उठेचना. खांदे हलत होते. ज्या माणसानं आमची ताटातूट केली त्याच्यापुढे एवढं रडायचं? "काका..." एवढंच ऐकू आलं. जाताना माझ्या अगदी जवळून गेली. हातभर अंतर. पाहिलं नाही.

१ जून

आज कोणीच मला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

२ जून

जमादारांचा निरोप आला — कापड घेऊन जा. गेलो.

सुभद्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, फेटा धुऊन वाळवला होता. फेट्याची घडी एकट्याला होत नाही. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. अंगणाच्या या टोकाला मी, त्या टोकाला ते, बनियनवर.

राहवलं नाही. विचारलं, "खोटं काऊन बोलले माइकवर?"

"खोच दाबली नाई, हे मले खुर्चीवरच समजलं होतं."

"मग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"लगनसराई हाये बे. जमादाराचा फेटा मुद्दाम पाडला म्हनल्यावर कोन बलावन तुले?"

घडी घालत एकेक पाऊल जवळ येत होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "एक सांगू? गोविंदाचा दात तू उगाच पाडला. मी त्या पोराले तवा वळखतबी नव्हतो."

"मग कोनं सांगतलं तुमाले?"

त्यांनी वर पाहिलं नाही. मी पुन्हा विचारलं. ओरडलोच. सुभद्राबाई दारापर्यंत येऊन आत गेल्या.

"टोक धर नीट," म्हणाले. "मातीत लोळून राह्यलं."

३ जून

तिघांनाच माहीत होतं. मी सांगितलं नाही. गोविंदानं सांगितलं नाही.

तिला यायचंच नव्हतं. मला 'नाही' म्हणता आलं नाही तिला — माझा राग! — म्हणून तिनंच त्यांना फोन केला. आणि त्यांनी दोन वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्या, पण तिचं नाव घेतलं नाही.

गोविंदाच्या दारापर्यंत जाऊन आलो. कडी वाजवली नाही. उद्या वाजवीन.