उपासाचं पुडिंग

३ जानेवारी, शुक्रवार

पहिल्या वाटीचा खरा खर्च — चियाचं एक पाकीट, त्यातलं निम्मं ओट्यामागं सांडलं. अर्धा लिटर दूध. एक पिकली पपई. बायकोची, रत्नमालाची, लोणच्याची बरणी, फुटली. आणि तिची सकाळची बोलणी! बोलण्यांची किंमत धरली तर एवढी महाग वाटी शहरात कुठं मिळत नसेल. वर खाल्ली कुणीच नाही. तळाला गच्च गोळा, वर पांढरं पाणी. बायको म्हणाली, बेडकाची अंडी.

तरी लई मजा आली! बावन्न वर्षांचा झालो, ओट्याशी असा पहिल्यांदाच उभा राहिलो.

कारण लिहून ठेवतो. परवा आईला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. चहा ओतते तो कपाबाहेर जातो. माणूस आवाजावरून ओळखते. डॉक्टर ऑपरेशनला तयार होते, पण साखर बघून थांबले. म्हणाले, ही खाली आल्याशिवाय हात लावणार नाही, आणि फार उशीर केलात तर अवघड होईल. साखरेवरच्या गोळ्या त्याच ठेवल्या. खाण्याचं बघा म्हणाले.

खाण्याचं काय बघायचं? आईचे उपास — सोमवार, गुरुवार, शनिवार. मध्ये चतुर्थी, एकादशी वेगळ्या. त्या दिवशी साबुदाणा, बटाटा, गोड चहा. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाला सुई टोचावी तर आकडा छताला! उपास सोड म्हटलं की तिला ऐकूच येत नाही.

चियाची खबर दुकानात लागली. दोघी जणी साड्या बघत होत्या. एकीची साखर वाढलेली, ती रात्री चिया दुधात भिजवते, सकाळी वर फळं घालून खाते, पोट भरलेलं राहतं आणि साखर उडी मारत नाही. साडी उलगडताना गिऱ्हाईक दुकानदाराला भिंत समजतं. तासभर बसल्या, साडी घेतली नाही, पण माझा सौदा झाला!

४ जानेवारी, शनिवार

चूक सापडली. श्रेयाला पुण्याला फोन लावला. पोरगी आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "पप्पा, एकदा ढवळून सोडून नाही द्यायचं. दहा मिनिटांनी परत ढवळायचं, मग फ्रिजमध्ये." मी सब्ज्याच्या हिशेबानं चाललो होतो. सब्जा पाण्यात टाकला की आपला आपण फुगतो. ही बी लाडावलेली, दोनदा विचारपूस लागते.

आजचा उपास साबुदाण्यावरच गेला.

५ जानेवारी, रविवार

जमलं!! कपभर दुधाला तीन चमचे बी. दोनदा ढवळलं. चार तासांनी झाकण काढलं — वाटी तिरपी केली तरी हलेना. साखर अजिबात नाही. वर पेरूच्या फोडी, डाळिंबाचे दाणे. इतकं देखणं दिसत होतं की फोटो काढून श्रेयाला पाठवला. रत्नमालानं चमचाभर चाखलं आणि दुसरा चमचा घेतला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

६ जानेवारी, सोमवार

आज आईला विकलं. विकलं हाच शब्द बरोबर.

समोर वाटी ठेवली. तिनं वास घेतला, बोटानं चाचपलं. काय हाय म्हणून विचारलं. मी दुकानात बोलतो तसा बोललो — हे धान्य नाही, बी आहे. सब्जा उपासाला चालतो ना? ही त्याची चुलत बहीण. दूध चालतं, पेरू चालतो, मग अडतंय कुठं? ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "व्हय का." आणि चमचा उचलला.

तीस वर्षांच्या धंद्यात शिकलोय, गिऱ्हाईक "व्हय का" म्हणालं की माल गेला! करमाडहून आलो तेव्हा खांद्यावर विकायचे टॉवेल टाकून गुलमंडीच्या बाजारात फिरायचो. तेव्हापासून कुणाच्या "बघू"मागं "नाही" आहे आणि कुणाच्या "नको"मागं "हो" आहे, हे मला न सांगता कळतं. आईची सगळी वाटी संपली. कडेचंसुद्धा पुसून खाल्लं.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळचा आकडा उतरलाय. थोडाच. पण उतरलाय! आज पपई आणि वर दालचिनीची चिमूट. आई म्हणाली, बरं लागतंय. बस्स, एवढंच.

१४ जानेवारी, मंगळवार

काल हौसेनं दोन केळी घातली. आज आकडा वर. केळी बंद. संक्रांतीचा तिळगूळ आईनं सगळ्यांना वाटला, स्वतः दाताला लावला नाही. ह्या बाईला ऑपरेशन माझ्याहून जास्त हवंय.

१८ जानेवारी, शनिवार

रोज रात्री जेवण झालं की माझी बरणी, माझा चमचा. सकाळी फळं चिरायची. रत्नमालाला आता माझ्या पुडिंगची सवय लागलीय, कबूल करत नाही. मला उठायला उशीर झाला तर ओट्यावर पेरू धुऊन ठेवलेला असतो.

शेजारच्या दुकानाचे मोतीराम चहाला आले. म्हणाले, "सांडूशेठ, साड्या काढून टाका, फ्रिज लावा. रांग लागंल." मीही सोडतो काय! सांगितलं, डॉक्टरला जमलं नाही ते मी करतोय. गुलमंडीत माझ्यासारखे कान कुणाला नाहीत. दोन बायकांचं बोलणं ऐकलं आणि आईचे डोळे परत आणतोय. ते म्हणाले, मग माझ्या बायकोच्या मनात काय चाललंय तेही ऐकून सांगा. दोघंही हसलो.

२४ जानेवारी, शुक्रवार

आकडा टिकून आहे! उपासाच्या दुसऱ्या दिवशीही! स्ट्रॉबेरी आणली होती, आईला आंबट लागली. परत पेरू.

२८ जानेवारी, मंगळवार

उद्या डॉक्टर. झोपेची खात्री नाही. आईनं नवं लुगडं काढून ठेवलंय. रंग कोणता म्हणून मला विचारलं. हिरवा, म्हणालो. म्हणाली, मलाही तसाच वाटला.

डॉक्टरांना चियाचं प्रमाण नीट सांगायचं. दोनदा ढवळायचं तेही. त्यांच्याकडं येणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

२९ जानेवारी, बुधवार

साखर ठीक. सोमवारी पहिला डोळा!

डॉक्टरांनी विचारलं, काय बदल केलात. मी तोंड उघडेपर्यंत आई बोलली.

"उपासाला गोळी चालत नाय, म्हणून त्या दिवशी घेत नव्हते. ही वाटीतली बी काय आपल्या उपासाची नव्हं. पण पोरगं एवढ्या हौसेनं पुढ्यात आणून ठेवतंय, नाय कसं म्हणू? खाल्ली. उपास मोडलाच, मग गोळी बी घेतली."

उपासाच्या एकाही दिवशी आई गोळी घेत नव्हती. एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं.