पोटात ठेवणारी भिंत

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली शेवाळाच्या फळ्यांची भिंत बसवून झाली. सुतार गेला आणि खोलीभर ओल्या मातीचा वास सुटला. आमचे मास्तर म्हणाले, ताईंनी घरात जंगल आणलं, आता माकडं तेवढी मागवा. मी चक्क हसले. वर्षभर मदतकेंद्रावर संकटातल्या माणसांचे फोन घेऊन घेऊन त्यांच्या किंकाळ्या कानात घर करून बसल्या होत्या, तुला ठाऊकच आहे. काल तासभर भिंतीसमोर बसले आणि त्यातली एक गेली. आठवून पाहिली, आठवेना. मग गाढ झोपले.

तुझ्या मायेची सवय लागलीय, ती मोडू नकोस.
चिमणी

११ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून जिवात जीव आला. आमच्या सजावटीच्या धंद्यातलं गुपित सांगते, शेवाळ आवाज शोषतं, म्हणून मनाला विसावा मिळतो. भिंतींना कान असतात म्हणतात, तुझ्या भिंतीला पोटही आहे. ऐकेल ते पोटात ठेवील. पाणी मात्र घालू नकोस, ते वाळवलेलं, मेलेलं शेवाळ आहे. मग मातीचा वास कुठून आला, कोण जाणे.

पिटुकलीला मावशीचा पापा. लोभ आहेच, पत्रही असू दे.
ताई

२ जुलै

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

चिमणीऐवजी मीच लिहितोय. पिटुकली जिन्यावरून पडली, गुडघा फुटला, गळा काढून रडली. चिमणी हाताच्या अंतरावर बसली होती, तिनं मानसुद्धा वळवली नाही. डॉक्टर म्हणतात, कान ठणठणीत आहेत. ती म्हणते, फार बरं वाटतंय. खोलीबाहेर येत नाही. आईनं माझ्याशी कट्टी घेतलीय का, असं लेक मला विचारते. माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

लोभ आहे म्हणूनच गाऱ्हाणं घातलं.
आपले मास्तर

७ जुलै

मास्तरांस,
आशीर्वाद.

ती भिंत आजच्या आज उखडा. सुतार नसेल तर स्वतः उखडा. मी हौसेनं केली आणि बहीण घालवून बसले, हे मला सहन होत नाही. पोरीला तिची आई परत मिळालीच पाहिजे. रविवारी येतेच आहे.

धीर सोडू नका.
ताई

१० जुलै

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

एक फळी उचकटली. आतून किंकाळ्या आल्या, अनोळखी माणसांच्या. त्यांच्यामागून पिटुकलीचं जिन्यावरचं रडणं आलं, जसंच्या तसं. ती तर माझ्या शेजारी तोंड मिटून उभी होती. तिनं कान झाकले आणि बाबा, बंद करा म्हणाली. मी फळी परत ठोकली आणि दम खायला भिंतीसमोर जरा टेकलो.

ताई, खरंच बरं वाटतं. लेकही आमच्यात येऊन बसते. आता रडत नाही. शाळेत मी काय शिकवायचो ते आठवत नाही, पण त्यावाचून अडलंही नाही. रविवारी जरूर या. दार उघडं असेल, हाका मारत बसू नका. शेवाळाला नवे कोंब आलेत.

शेवटी लोभाबद्दल काहीतरी लिहायची रीत आहे. काय ते तुम्हीच आल्यावर सांगा.