बावीस दात्यांची सायकल

आत्याबाई,

आज नातीला सायकल घ्यायला लातूरच्या दुकानात गेले होते. दुकानदार सांगतोय, मागं सात चक्रं, पुढं तीन, चढाला हे गिअर, सपाटीला ते. नात कंटाळून घंटी वाजवत बसली आणि मला तुम्ही आठवलात. सासूच्या आठवणीनं सुनेचे डोळे भरले म्हटलं तर आपल्या गल्लीत कुणी खरं मानायचं नाही, पण भरले.

तेव्हा लातूर जिल्हा नुकता झाला होता. नवी पदं निघाली आणि मी औशाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. पाऊस मात्र रुसून बसलेला, विहिरी तळाला, सकाळची एसटी आली तर आली. म्हणून यांनी जुनी लेडीज सायकल आणून दिली. पण गावाबाहेर पडलं की तो मेला खडीचा चढ! अर्ध्यात उतरायचं, लुगडं सावरत सायकल ढकलायची आणि घामाघूम होऊन उशिरा पोचायचं. साहेबांनी शेवटी सांगितलं, पुन्हा उशीर झाला तर बाई, घरीच बसा. हे म्हणाले, "तुझ्या पायात जोर न्हाई, सोडून दे नोकरी." तुम्ही भाकरी थापत होतात, मान वर न करता म्हणालात, "पाणी आणताना बरा असतोय की तिच्या पायात जोर!" त्या एका वाक्यावर मी आयुष्यभर तुमची झाले.

रविवारी कपाळाला विभूती लावून तुम्ही माझ्यासोबत चालत औशाला आलात. सायकल मी धरलेली आणि तुम्ही पुढं. सायकलच्या दुकानातल्या मिस्त्रीनं चेनवरून बोट फिरवलं. "अम्मा, मागचं चक्र अठरा दात्याचं हाय. सपाटीला पळतंय, चढाला जीव घेतंय. बावीसचं टाकलं तर चढ निघंल, पाणी घेऊन यायलाबी हलकी जाईल. पण सपाटीला पाय लई फिरवावं लागतील, आन् पळायची न्हाई."

"तिला कुठं शर्यत लावायचीय? टाका बावीसचं."

त्यानं चक्र बदललं, चेनला दोन कड्या वाढवल्या. खरंच, सपाटीला पाय भिंगरीसारखे फिरायचे आणि सायकल आपली निवांत. पारावरची पोरं ओरडायची, "बाईसाहेब पिठाची गिरणी चालवायल्यात!" मला रडू यायचं. तुम्ही म्हणायच्या, "हसू दे मुडद्यांना, पगार तुला मिळतोय." मी वेळेवर पोचू लागले, कायम झाले. पुढं लातूरला बदली झाली, तिथं सगळे सपाट डांबरी रस्ते, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "आता अठराचं टाक अन् पळव की गं!" मग मी अशी पळवली की रिक्षावाले बघत राहायचे. माझ्या पेन्शनवर आज घर चालतंय, त्यात तुमचा वाटा आहे, हे तुमच्या तोंडावर म्हणायचं राहून गेलं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायची. हे पाठवायचं तरी कुठं? म्हणून एक खरं सांगून टाकते. बावीसचं चक्र टाकल्यावर पहिल्याच सोमवारी अर्ध्या चढावर माझे पाय भरून आले. छाती फुटायची वेळ आली, उतरणारच होते. मागं वळून बघते तर विहिरीवरचा नंबर सोडून तुम्ही खाली उभ्या, काखेत रिकामी घागर, नजर माझ्यावर. मग कसली उतरते! संध्याकाळी तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगत सुटलात, चक्रानं चढ काढला म्हणून. चक्रानं अर्धाच काढला होता, आत्याबाई.