रेडिओवर झालेला गोल

जरीपटका, नागपूर
बुधवार, पोळ्याच्या आधीचा, १९७३

तीर्थस्वरूप गोविंदराव भाऊजी यांना धाकटा साळा देवाजी याचा मनापासून जयभीम. इंदूबाईलाही सांगावा (बाईनं पत्र आधीच तुमच्या हातातून ओढून घेतलं असेल तर तिनं तुम्हाला सांगावा). इकडं आम्ही सारे बरे आहोत, म्हणजे तब्येतीनं. तुमच्या खोकल्याचं काय झालं? खाणीतून मोकळा झालो की खोकलाही जाईल असं तुम्ही म्हणाला होता. पण मागच्या खेपेस तुम्ही मला उमरेडच्या एस.टी. स्टँडवर पोचवायला आलात, तेव्हा गाडी सुटल्यावरही मला तुमचा खोकला ऐकू येत होता. अडुळसा घेत जा, आणि बाईनं दिलेला काढा कुंडीत ओतत जाऊ नका, ते झाड मेलेलं मी पाहिलं आहे.

आता मुद्द्याचं लिहितो. तुम्ही बसून वाचा. आमच्या शोभीची सोयरीक मोडायला आली आहे. साक्षगंध थांबवा, असा निरोप काल चंपतरावांनी धाडला. त्यांचा मधुकर तयार आहे, शोभी तयार आहे, तिच्या आईनं, प्रेमिलानं तर पाहुण्यांना जेवायला काय करायचं तेही ठरवून टाकलं होतं. घोडं अडलं ते एका व्याह्यापाशी. त्यांना हुंडा नको, भांडी नकोत, पोराला घड्याळ नको. त्यांना एक गोल पाहिजे, आणि तो मी द्यावा असं त्यांचं म्हणणं आहे. मी देत नाही. (पत्र शुद्ध भाषेत लिहायचं ठरवलं आहे, पण राग आला की माझी भाषा आपल्या वाटेनं जाते. सांभाळून घ्या.)

तुम्ही मॅचच्या दिवशी कधी इकडं आला नाहीत, म्हणून मुळापासून सांगतो. आमच्या तरुण क्लबात (नाव ठेवलं तेव्हा आम्ही तरुण होतो) रेडिओ आला, तेव्हा आपल्या देशाची फुटबॉल मॅच ऐकायला सारा मोहल्ला गोळा व्हायचा. पण नुसतं ऐकून डोळ्यांपुढं काही येईना. कोण कुठं उभा आहे, बॉल कोणत्या अंगाला गेला, यावरून भांडणं लागायची. तेव्हा नत्थूजी, जे जवानीत मिलच्या टीममधून खेळले होते आणि ज्यांच्या गळ्यात अजून शिट्टी असते, ते म्हणाले, उठा, मैदानात उभे राहा. अर्धे आपल्याकडून, अर्धे समोरच्या देशाकडून. एकानं मधोमध स्टुलावर चढून रेडिओ कानाशी धरायचा आणि ऐकेल तसं ओरडून सांगायचं, बाकीच्यांनी तसं तसं धावायचं. बॉल घ्यायचा नाही, कारण बॉल रेडिओचं ऐकत नाही. तेव्हापासून आमच्याकडं हीच रीत आहे. रस्त्यानं जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, ही चांगली बायकापोरांची माणसं संध्याकाळची हवेला लाथा काहून मारून राहिली? पण भाऊजी, त्या काळी आम्हाला बॉल दिसायचा. खोटं सांगत नाही. सगळ्यांच्या माना एकाच वेळी एकाच बाजूला वळायच्या.

दिवसही तसे होते. ज्या वर्षी आपण दीक्षा घेतली, त्याच हिवाळ्यात आपली टीम मेलबोर्नला चौथी आली. तुम्हाला आठवत असेल, मी तेव्हा जो भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. मला वाटायचं की आता सारं होणार, एकेक करून सारंच होणार. पुढं जकार्त्याला सोनं मिळालं, तेव्हा मी ह्याच मैदानात गोलच्या पुढं आडवा पडून आभाळ पाहत होतो, आणि छोटी शोभी बाजूला बसून माझ्या अंगावर गवत टाकत होती. मला उठावंसं वाटत नव्हतं. घरून दोनदा जेवायचं बोलावणं आलं तरी मी तसाच पडून होतो.

मग काय झालं हे कोणालाच नीट सांगता येत नाही. आपण हरायला लागलो. आधी थोडं, मग बेधडक. पूर्वी समोरच्या देशाकडून उभं राहायला माणूस मिळत नसे, पाहुण्याला नाहीतर नव्या जावयाला पकडून उभं करावं लागे. आता सारं उलटं झालं. मॅच जवळ आली की लोक भजी घेऊन नत्थूजींच्या घरी जातात, इकडलं तिकडलं बोलतात आणि निघता निघता हळूच म्हणतात, मले तिकडून घ्या. (देशावर प्रेम नाही असं नाही. पंधरा ऑगस्टला हीच मंडळी पुढं असतात.) चंपतरावही असेच तिकडं गेले. मी मात्र राहिलो, कारण मी गोलकीपर आणि माझ्या जागेवर कोणाचा डोळा नाही. रेल्वेच्या पार्सल हापिसात डब्यातून फेकलेली गाठोडी झेलतो, म्हणून नत्थूजींनी मला गोलात उभं केलं, तो मी तिथंच आहे. रेडिओवर गोल झाला की मी भलत्या अंगाला पडायचं, हे माझं काम. चिखल असो, गोटे असोत, पडायचं. आणि बोलणी मला बसतात. प्रयागबाई भाजीवाली सांबाराची हिरवी जुडी हातात द्यायच्या आधी विचारते, "कालचा दुसरा गोल काहून सोडला गा देवाजी?" आता तिला काय सांगू, की तो समुद्रापलीकडं कोण्या दुसऱ्याच भैताडानं सोडला? सांगवत नाही. इतकी वर्षं त्याच्या जागी पडून राहिलो, तर तो मला आपल्या घरचा वाटतो. दुपारी हापिसात भाकर सोडली की कधी मनात येतं, हा जेवला असेल काय.

तर रविवारची गोष्ट. समोरच्या देशाचं नाव लिहीत नाही, तोंड कडू होतं. दिवसभर पाऊस पडून उघडला होता. मैदानातून वाफ निघत होती आणि त्या पिवळ्या उजेडात समोरची माणसं आहेत की नाहीत असं वाटत होतं. स्टुलावर आपला मधुकर होता (बी.ए. झालेला आहे, इंग्रजीतलं ऐकून मराठीत ओरडतो, आवाज चांगला आहे, शोभीलाही तोच आवडला असावा). त्यांचे सेंटर फॉरवर्ड चंपतराव. आता ह्या माणसाचं एक दुःख तुम्हाला सांगायला पाहिजे. इतके दिवस जिंकणाऱ्यांकडून उभे राहूनही त्यांच्या नावावर गोल नाही. ते ज्याच्या जागी उभे राहतात, तो ऐन वेळी दुसऱ्याला पास देतो. मनातल्या मनात कुढत असणार. त्या दिवशी तर होणाऱ्या सुनेकडची सारी बायामंडळी भिंतीला टेकून उभी होती, आणि चंपतरावांनी नवे मोजे घातले होते.

मॅच संपत आली होती आणि गोल कोणाचाच नव्हता. मी मनात म्हणत होतो, एवढं निभू दे. तेवढ्यात मधुकरचा आवाज चिरकला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड एकटाच पुढं घुसला आहे, म्हणाला. चंपतरावांना आधी पटलंच नाही, त्यांनी स्वतःकडं बोट दाखवून पोराला विचारलं, मी काय? आणि मग निघाले. पोट सांभाळत, चिखल उडवत आले आणि त्यांनी लाथ मारली. मधुकर ओरडला, गोल. मला उजव्या अंगाला पडायचं होतं. पण भाऊजी, मला बॉल दिसला. कित्येक वर्षांनी दिसला. तांबूस, जुन्या चामड्याचा, शिवणीत चिखल भरलेला, स्वतःभोवती हळूहळू फिरत डावीकडं येत होता. घाई नव्हती त्याला. आणि डोळ्यांदेखत येणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही, हे पार्सल हापिसातल्या माणसाला जमतच नाही. मी डावीकडं गेलो आणि धरला. ओला होता, जड होता. पोटाशी घेऊन मी तसाच पडून राहिलो. रेडिओतून तिकडच्या लोकांचा आरडाओरडा येत होता आणि आमच्या मैदानात कोणी खोकतही नव्हतं.

चंपतराव दोन्ही हात वर करून अर्धं मैदान पळाले. मग मागं कोणी येत नाही असं पाहून थांबले. कोणी मिठी मारली नाही, कोणी उचललं नाही. सारे माझ्याकडं पाहत होते. नत्थूजींनी शिट्टी ओठाला लावली होती, पण फुंकली नाही. त्यांनी मधुकरला विचारलं, गोल आहे का? ह्या पोराची पंचाईत पाहा, एकीकडं बाप, दुसरीकडं सासरा. तो म्हणाला, रेडिओत झाला, इथं नाही झाला. मग जो कालवा झाला तो लिहीत नाही. मोहल्ल्यात दोन पार्ट्या पडल्या आहेत. पेपरात आपण हरल्याचं छापून आलं, तर पानठेल्यावर लोक सांगून राहिले की ते तिकडलं झालं, इकडं बरोबरीत सुटली. कोणी मला हार घातला. प्रयागबाईनं सांबार फुकट दिला. मी कुशीत हात तसेच धरून घरी गेलो आणि धान्याच्या कोठीजवळ बॉल ठेवला. सकाळी झाडताना प्रेमिलानं तेवढा कोपरा सोडून झाडलं.

नत्थूजींचा निवाडा असा, की येत्या रविवारी साऱ्यांनी पुन्हा आपापल्या जागी उभं राहायचं, मधुकर तेच वाक्य बोलेल, चंपतराव पुन्हा लाथ मारतील, आणि रीतीप्रमाणं मी उजवीकडं पडायचं. चंपतराव म्हणतात, आधी माझा गोल, मग साक्षगंध. मी म्हणतो, काहून? आजवर जे जे सांगितलं ते खाल्लं. देशानं जेवढे गोल खाल्ले तेवढे सारे मी खाल्ले, कधी हूं की चूं केलं नाही. एक अडवला तर व्याह्याच्या पोटात दुखते. चंपतराव खाणीत तुमच्या हाताखाली होते आणि तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. म्हणून तुम्ही येऊन त्यांना समजवा, की अडवलेला गोल परत मागत नसतात. मी ह्या बाबतीत मागं हटणार नाही, हे त्यांना माझ्यातर्फे स्पष्ट सांगा. बाईला जयभीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
देवाजी

ता. क. येताना भिवापूरच्या मिरच्या आणा असं प्रेमिला सांगून राहिली आहे. साक्षगंधाच्या भाजीसाठी पाहिजेत म्हणते. मी म्हटलं, साक्षगंध कुठं आहे आता? ती म्हणाली, तुम्ही लिहा.

ता. क. दुसरा. वरचं सारं लिहून झाल्यावर शोभी चहा घेऊन आली. चार दिवसांत ती माझ्याशी ह्या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. आज तिनं विचारलं, "बाबा, बॉल खरंच आला होता काय?" मी हो म्हटलं. पोट्टी कप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "मंग नका सोडू." आणि आत गेली. आत जाऊन ती रडली हे मला भिंतीतून ऐकू आलं.

भाऊजी, मी रविवारी तो गोल खाणार आहे. चंपतरावांना काही समजवू नका, त्यांना पळू द्या, ह्यावेळी मीच जाऊन त्यांना मिठी मारीन. तुम्ही फक्त या, आणि गोलच्या मागं उभे राहा. दुसऱ्या कोणाला हे सांगण्यात अर्थ नाही. बॉल माझ्या हातातून सुटला नाही, मी सोडला, एवढं आपल्यातल्या कोणीतरी पाहिलं पाहिजे. आणि तिथं तुम्हाला काही दिसलं नाही, तरी घरी आल्यावर शोभीपुढं दिसलं म्हणा.